पहिल्या अ‍ॅक्शननंतर जोडलेले क्लेम ‘मूळ मांडणीने निवड’ म्हणून विथड्रॉ झाले, आता काय? (अमेरिकी पेटंट)

नळीगाळणी

अमेरिकेतल्या प्रोसिक्युशनचा, म्हणजे पेटंट ऑफिसपुढे अर्ज चालवण्याचा, प्रश्न आहे. पुढची परिस्थिती गृहीत धरा.

साधा युटिलिटी अर्ज, पीसीटीतून (आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जातून) आलेला नाही. मूळ क्लेम (संरक्षण मागणारे दावे) १ ते १२, सगळे पाणी गाळायच्या कार्ट्रिजवर. क्लेम १ मध्ये पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनची जुडी, दोन्ही टोकांना रेझिनचं पॉटिंग (टोकं रेझिनमध्ये घट्ट बसवणं) आणि पॉटिंगच्या तोंडाशी तंतू विरळ ठेवणारा विभाजक. रिस्ट्रिक्शन (अनेक शोधांपैकी एकच ठेवायची ऑफिसची मागणी) आलंच नाही. पहिल्या नॉन-फायनलमध्ये (ऑफिसच्या पहिल्या तपासणीपत्रात) थेट कलम १०२ (नावीन्य नाही) आणि १०३ (उघड आहे) खाली नकार. उत्तरात क्लेम १ मध्ये विभाजकाचा आकार घातला आणि सोबत १३ ते २० हे नवे क्लेम जोडले. १३ स्वतंत्र आहे, उलट्या प्रवाहाने मेम्ब्रेन कार्ट्रिज धुण्याची पद्धत. १८ हाही स्वतंत्र, कार्ट्रिज, पंप आणि नियंत्रक मिळून होणारी प्रणाली. या दोन्हींत तंतू आणि पॉटिंग आहे, विभाजक नाही. मुद्दामच रुंद ठेवले आहेत.

आता फायनल आली. १ ते १२ पुन्हा नाकारले, १३ ते २० विथड्रॉन (तपासणीतून बाजूला ठेवले). कारण एवढंच दिलंय की नवे क्लेम वेगळ्या शोधावर आहेत, मूळ मांडलेल्या शोधावर मेरिट्सवर, म्हणजे पेटंटयोग्यतेवर, अ‍ॅक्शन झालेली आहे, म्हणून मूळ मांडणीनेच तो शोध निवडला गेला.

अर्जदाराने निवड केल्याचं कुठेही लिहून दिलेलं नसताना निवड झाली कशी? फायनलनंतर याला आव्हान देता येतं का, की ती वेळ गेली? आरसीई (तपासणी पुढे चालू ठेवायची विनंती) भरून १ ते १२ काढले आणि पद्धतच पुढे नेली तर? आणि डिव्हिजनलच (वेगळ्या ठरवलेल्या शोधाचा नवा अर्ज) करायचा झाला, तर रीतसर रिस्ट्रिक्शन कधी आलंच नव्हतं, मग कलम १२१ चं संरक्षण मिळेल का?

उत्तरपक्ष

पहिल्या प्रश्नापासून धरू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

निवड लिहूनच द्यावी लागते, असा नियम नाही. एमपीईपीच्या (ऑफिसच्या तपासणी मार्गदर्शिकेच्या) ८१८.०२ मध्ये न सांगता होणाऱ्या निवडीचाच विचार आहे. तुमच्याकडे झालं ते ८१८.०२(ए): मूळ मांडलेले आणि ऑफिसने मेरिट्सवर तपासलेले क्लेम हेच अर्जदाराने कोणता शोध निवडला ते ठरवतात. त्या अर्जापुरतं आणि त्याच अर्जात पुढे भरलेल्या आरसीईसाठीसुद्धा. यामागचा नियम ३७ सीएफआर (अमेरिकी केंद्रीय नियमावली) १.१४५. ऑफिस अ‍ॅक्शननंतर अर्जदाराने आधीच्या शोधापासून स्वतंत्र आणि वेगळ्या शोधावर क्लेम मांडले, तर दुरुस्ती दाखल करून घेतली तरी त्याला आधीच्या शोधापुरतंच राहायला सांगितलं जातं. एक्झामिनर ते ८२१.०३ प्रमाणे, फॉर्म पॅराग्राफ (ठरीव मजकूर) ८.०४ टाकून करतो. तुमच्या फायनलमधला परिच्छेद बहुतेक तोच असणार.

इथे ‘मेरिट्सवर’ या शब्दाला फार महत्त्व आहे. नुसती रिस्ट्रिक्शनची अ‍ॅक्शन म्हणजे मेरिट्सवरची अ‍ॅक्शन नव्हे. पहिली तपासणी होईपर्यंत प्रिलिमिनरी अमेंडमेंट करून पूर्ण संच बदलला तरी निवड झालेली नसते. एकदा प्रायर आर्ट (आधीचं ज्ञात तंत्र) लावून क्लेम तपासले गेले की दार बंद.

दुसरा प्रकार ८१८.०२(सी), आणि तो जास्त फसवा. दोन शोधांचे क्लेम सुरुवातीपासून होते, दोन्ही तपासले गेले, नकार आला म्हणून अर्जदाराने पद्धतीचे क्लेम स्वतःहून रद्द केले, उरलेल्या उत्पादनाच्या क्लेमवर पुढची अ‍ॅक्शन आली. झाली निवड. पुढच्या फेरीत पद्धत परत आणली तर ती विथड्रॉ होणार. ‘आत्ता काढू, मग बघू’ असं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

आणि ८१८.०२(बी) अर्जदाराच्या बाजूचं आहे. सुरुवातीला फक्त जेनेरिक (अनेक प्रकार व्यापणारे) क्लेम असतील, तर त्यावरून कुठल्याही स्पीशीजची (एका प्रकाराची) निवड झाली असं मानत नाहीत. पुढे एकाहून जास्त वेगळ्या स्पीशीजवर क्लेम आले तर एक्झामिनर एक निवडायला सांगू शकतो, पण तेव्हा निवड तुमच्या हातात असते. याच्या उलट, पहिल्या संचात फक्त स्पीशीज ‘अ’ होती आणि नंतर ‘ब’ आणली, तर ती मूळ मांडणीतच अडकते.

तुमच्या केसमध्ये अर्जाचं मूळ शुल्क २० क्लेम आणि ३ स्वतंत्र क्लेमपर्यंत चालतं. तुमचे बारा आणि आठ मिळून बरोबर वीस होतात, स्वतंत्र तीन. हेच आठ क्लेम पहिल्या दिवशी घातले असते तर जादा क्लेमचं शुल्क पडलं नसतं. एक्झामिनरने रिस्ट्रिक्शन मागितलं असतं, उत्तराला दोन महिने मिळाले असते आणि कुठला गट ठेवायचा ते अर्जदाराने ठरवलं असतं.

वर्गीकरण

आव्हान देता येईल का, हे ठरवायला क्लेम जसे लिहिलेत तसे बघावे लागतात. वर्णनात काय आहे त्याने फरक पडत नाही.

‘मूळ मांडणी’ हा स्वतंत्र निकष नाहीच. वेगळेपणा तर दाखवावा लागतोच, शिवाय ८०३ प्रमाणे एकत्र तपासण्याचा गंभीर भारही. मूळ मांडणी म्हणजे इतकंच, की निवड कुठल्या गटाची झाली हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. एक्झामिनरने ‘नवे आहेत, वेगळे आहेत’ एवढ्यावर काम उरकलं असेल तर ते अपुरं आहे.

आता क्लेम १३. उत्पादन आणि ते वापरण्याची पद्धत, म्हणून निकष ८०६.०५(एच). दोनपैकी एक दाखवलं की पुरतं: पद्धत दुसऱ्या, लक्षणीय वेगळ्या उत्पादनावर करता येते, किंवा उत्पादन लक्षणीय वेगळ्या पद्धतीत वापरता येतं. तुमच्या १३ मध्ये विभाजकच नाही. म्हणजे विभाजक नसलेल्या कार्ट्रिजवरही ती पद्धत चालते, हे तुमच्याच शब्दांतून सिद्ध झालं. शिवाय क्लेम १ चं कार्ट्रिज पाण्यात वायू विरघळवायलाही वापरता येईल, म्हणजे दुसरी अटही पुरी झाली. भाराचंही तसंच. पोकळ तंतूंची मॉड्यूल्स सीपीसीत (पेटंट वर्गीकरणात) बी०१डी ६३/०२ खाली, मेम्ब्रेन धुणं ६५/०२ खाली आणि उलट्या प्रवाहाने धुण्याचा वेगळा निर्देश २३२१/०४. शोध दोन ठिकाणी घ्यावा लागतो. १३ वर भांडणात दम नाही.

क्लेम १८ ची गोष्ट वेगळी. हे कॉम्बिनेशन (पूर्ण प्रणाली) आणि सबकॉम्बिनेशन (तिचा भाग, इथे कार्ट्रिज), निकष ८०६.०५(सी). इथे ‘किंवा’ नाही, दोन्ही दाखवावं लागतं: कॉम्बिनेशनला पेटंटयोग्य ठरण्यासाठी सबकॉम्बिनेशनचे बारकावे लागत नाहीत, आणि सबकॉम्बिनेशनचा स्वतंत्र उपयोग आहे. तुमच्या १८ मध्ये विभाजक नाही, म्हणून पहिली अट आज पुरी होते. पण १८ मध्ये क्लेम १ चे सगळे घटक घातले, म्हणजे ‘क्लेम १ मधील कार्ट्रिज, त्याला जोडलेला पंप, आणि नियंत्रक’ असं लिहिलं, तर पहिली अट पडते. कॉम्बिनेशनमध्ये सबकॉम्बिनेशन आपल्या सगळ्या बारकाव्यांसह असेल तर त्या दोघांत रिस्ट्रिक्शन योग्य नाही, असं एमपीईपीच सांगतं. मग स्वतंत्र उपयोग कितीही दाखवा.

म्हणजे रुंदी सोडली तर प्रणाली आत येते, रुंदी धरली तर बाहेर राहते. ‘मुद्दामच रुंद ठेवले’ ही त्याचीच किंमत आहे. ती मोजायची का, हे बाजारात कार्ट्रिज विकलं जातं की पूर्ण यंत्र, यावर ठरवा.

दुसरीबाजू

वर्गीकरण यांचं विश्लेषण बरोबर आहे, पण त्यावरून ‘१३ सोडून द्या’ असा अर्थ कोणी काढू नये. १३ विथड्रॉन असला तरी मेलेला नाही. ३७ सीएफआर १.१४२(बी) खाली तो नुसता बाजूला ठेवलेला आहे.

खरा उपाय ८२१.०४ मधलं रिजॉइंडर. निवडलेला उत्पादनाचा क्लेम मंजूर होण्याजोगा ठरला, की त्या क्लेमच्या सगळ्या मर्यादा अंगात असलेले विथड्रॉन पद्धतीचे क्लेम परत आत घेतले जातात आणि त्यांची पूर्ण तपासणी होते. म्हणून १३ ला ‘क्लेम १ मधील कार्ट्रिज धुण्याची पद्धत, ज्यात…’ असं वळवा. वेगळेपणा दुसऱ्या अटीमुळे तसाच राहील, एक्झामिनर तो आज तपासणारही नाही. पण क्लेम १ मंजूर झाला की १३ आपोआप रांगेत येतो.

इथे हमखास घडणारी चूक अशी की प्रत्येक फेरीत क्लेम १ मध्ये नवे घटक घालत जातात आणि विथड्रॉन क्लेमकडे कोणी बघत नाही. स्वतंत्र शब्दांत लिहिलेला पद्धतीचा क्लेम मागे पडतो, क्लेम १ मंजूर होतो, आणि ‘सगळ्या मर्यादा नाहीत’ म्हणून रिजॉइंडर मिळत नाही. क्लेम १ चा थेट उल्लेख केलेला असेल तर ही डोकेदुखी राहत नाही.

रिजॉइन झालेला पद्धतीचा क्लेम कलम ११२ च्या (पुरेसं वर्णन आणि स्पष्टता) कसोटीलाही उतरावा लागतो. ‘वापरण्याची पद्धत’ म्हणून एक क्रिया लिहून मोकळं होणारे क्लेम तिथे अडकतात. पायऱ्या नीट लिहा: प्रवाहाची दिशा, दाबाची मर्यादा वर्णनात असेल तर तीही, आणि धुण्याचं पाणी कुठून बाहेर पडतं.

मला स्वतःला ट्रॅव्हर्स (रिस्ट्रिक्शनला कारणांसह हरकत) वगैरेत फार रस नाही. पिटिशनमध्ये महिने जातात, आणि जिंकलं तरी हाती काय, तर तपासणी. तीच तपासणी रिजॉइंडरने फुकट होते.

उत्तरपक्ष

ट्रॅव्हर्सबद्दल असहमत. त्याला लागतो एक परिच्छेद, न केल्यास हक्कच जातो.

फॉर्म पॅराग्राफमध्येच लिहिलेलं असतं की उत्तरात रिस्ट्रिक्शनमधल्या चुका नेमक्या दाखवल्या नाहीत, तर ती ट्रॅव्हर्सशिवायची निवड मानली जाईल. १.१४४ खालचं पिटिशन करायचं तर आधी १.१४३ प्रमाणे फेरविचार मागितलेला असणं आवश्यक. तो मागितला नसेल तर पिटिशनचा विचारच होत नाही. आणि ‘आम्ही असहमत आहोत’ या वाक्याला ट्रॅव्हर्स म्हणत नाहीत. कुठल्या निकषाची कुठली अट सिद्ध झालेली नाही, ते क्लेमचा क्रमांक घेऊन लिहायचं.

मुदत गेली का, तर नाही. १.१४४ चं पिटिशन फायनल अ‍ॅक्शन झाल्यानंतरपर्यंत किंवा निवडलेले क्लेम मंजूर झाल्यानंतरपर्यंत लांबवता येतं, मात्र अपील दाखल करायच्या आत ते भरावं लागतं. तुमच्याकडे रिस्ट्रिक्शनच फायनलमध्ये आलंय, तेव्हा फायनलच्या उत्तरात फेरविचार मागा, निवड ‘ट्रॅव्हर्ससह’ आहे असं लिहा, पिटिशन त्यानंतर. ते टेक्नॉलॉजी सेंटरच्या डायरेक्टरकडे जातं. फायनलच्या उत्तराची मुदत त्याने थांबत नाही. तीन महिने, आणि मुदतवाढ घेतली तर जास्तीत जास्त सहा, हे घड्याळ चालूच राहतं. पिटिशनवर विसंबून अर्ज अबॅन्डन (सोडून दिलेला) होऊ देऊ नका.

अपील बोर्डाकडे हा मुद्दा नेऊ नका. रिस्ट्रिक्शन पिटिशनचा विषय, अपीलाचा नाही, हे इन रे हेन्गेहोल्डपासून (१९७१) पक्कं आहे. अपील ब्रीफमध्ये घातलेलं हे प्रकरण बोर्ड बघणार नाही.

तुमच्या केसमध्ये माझा क्रम असा राहील: १८ मध्ये क्लेम १ घालून तो तपासायला लावणं, त्यासाठी ८०६.०५(सी) वर नेमका ट्रॅव्हर्स. १३ ला क्लेम १ वर टेकवून रिजॉइंडरची वाट पाहणं, त्यावर ट्रॅव्हर्स नको. दुबळा मुद्दा बळकट मुद्द्याशेजारी ठेवला की दोन्ही दुबळे दिसतात.

नळीगाळणी

१८ चं पटलं. पण फायनलनंतर हे बदल दाखल करून घेतील का? आणि समजा ग्राहकाला कार्ट्रिजमध्ये रसच उरला नाही, धुण्याची पद्धतच हवी, तर आरसीईने सगळंच वळवता येणार नाही का? आरसीईत प्रोसिक्युशन पुन्हा उघडतं ना?

टिपणवही

प्रोसिक्युशन उघडतं, निवड उघडत नाही. एमपीईपीच्या ८१९ मध्ये स्पष्ट आहे: आधी मांडलेल्या आणि तपासलेल्या क्लेमपेक्षा स्वतंत्र आणि वेगळ्या शोधावरचे क्लेम आरसीईतून तपासून घेण्याचा हक्क अर्जदाराला नाही.

१ ते १२ रद्द करून फक्त १३ ते १७ ठेवले तर असं होतं. दुरुस्तीत निवडलेल्या शोधावरचा एकही क्लेम उरला नाही, म्हणून ती नॉन-रिस्पॉन्सिव्ह (अपुरं उत्तर) ठरते. एक्झामिनर फॉर्म पॅराग्राफ ८.२६ ची नोटीस पाठवतो आणि नीट उत्तराला दोन महिने देतो. त्या दोन महिन्यांत निवडलेल्या शोधावरचे क्लेम घेऊन यावंच लागतं. शिवाय ३७ सीएफआर १.७०४(सी)(७) खाली, अपुरं उत्तर दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते दुरुस्त उत्तर देईपर्यंतचे दिवस ऑफिसच्या विलंबाबद्दल मुदतीत मिळणाऱ्या वाढीतून, म्हणजे पेटंट टर्म अ‍ॅडजस्टमेंटमधून कापले जातात. पैसे, वेळ आणि टर्म, तिन्ही गेले, तपासणी शून्य.

हीच गोष्ट नकळतही घडते. एकही नवा क्लेम न जोडता क्लेम १ मधून विभाजक काढून त्या जागी दाबाचा सेन्सर घातला, तर तो शब्दाने ‘दुरुस्त’ क्लेम असतो, पण शोध सरकलेला असतो. संबंधित उत्पादनांचा निकष ८०६.०५(जे): दावा केलेले शोध एकमेकांत न येणारे असावेत, एकमेकांचे उघड पर्याय नसावेत, आणि रचना, काम करण्याची रीत, कार्य किंवा परिणाम वेगळा असावा. घटक वाढवणं सुरक्षित. घटक काढून दुसरा घालणं धोक्याचं. विभाजक ठेवून सेन्सर जोडला तर तो जुन्या शोधाचाच अरुंद क्लेम आहे. त्याला कोणी मूळ मांडणी लावली तर तिथे मात्र जोरात ट्रॅव्हर्स करा, कारण जुना क्लेम १ नव्याला पूर्ण व्यापतो आणि ते एकमेकांत न येणारे नाहीत.

शोध सरकवायची पूर्ण बंदी आहे असंही नाही. त्याने ऑफिसचं काम वाढत नसेल, उलट मुद्दे कमी होत असतील, तर ऑफिस तो मान्य करू शकतं. हक्क नाही, सवलत आहे. म्हणून आरसीईआधी इंटरव्ह्यू मागा, अजेंड्याला प्रस्तावित क्लेम जोडा आणि सरळ विचारा की हे निवडलेल्या शोधात मोजणार का. उत्तर इंटरव्ह्यूच्या सारांशात आलं पाहिजे. तोंडी होकाराला नंतर वजन नसतं.

फायनलनंतरची दुरुस्ती १.११६ खाली बघितली जाते. १८ मध्ये पूर्ण क्लेम १ येतोय म्हणजे नव्या तपासणीचा मुद्दा, तो बहुतेक दाखल करून घेणार नाहीत. क्लेम १ ला नकार कायम असताना १३ च्या शब्दांनी सध्या काही बदलत नाही. तेव्हा आरसीई लागणारच. पण त्यात १ ते १२ जिवंत ठेवा, मग ते रीतसर सबमिशन ठरतं.

ग्राहकाला खरोखर पद्धतच हवी असेल तर आरसीईचे पैसे वाचवा, नवा अर्ज करा. मूळ अर्जातली निवड कंटिन्युएशन (त्याच वर्णनावरचा पुढचा अर्ज) किंवा डिव्हिजनलमध्ये येत नाही. तिथे कोरी पाटी. अट एवढीच की मूळ अर्ज प्रलंबित असताना, म्हणजे पेटंट निघण्याच्या किंवा अबॅन्डन होण्याच्या आधी तो भरला पाहिजे.

एक हिशेब हल्ली विसरला जातो. १९ जानेवारी २०२५ पासून, सर्वात आधीच्या बेनिफिट तारखेपासून (ज्या आधीच्या अर्जाच्या तारखेचा लाभ घेतला ती) ६ वर्षांनंतर भरलेल्या कंटिन्युइंग अर्जावर २,७०० डॉलर आणि ९ वर्षांनंतर भरल्यास ४,००० डॉलर जादा शुल्क आहे. स्मॉल एंटिटीला ६० टक्के आणि मायक्रो एंटिटीला ८० टक्के सूट. जुन्या कुटुंबात ‘डिव्हिजनल मग भरू’ हा निर्णय आता फुकटचा नाही.

उत्तरपक्ष

राहिलं कलम १२१. यात घाई करू नका.

संरक्षण असं: ज्या अर्जात रिस्ट्रिक्शन मागितलं गेलं त्यावरचं पेटंट, त्या मागणीमुळे भरलेल्या डिव्हिजनलविरुद्ध डबल पेटंटिंगसाठी (एकाच शोधावर दोन पेटंट, या आक्षेपासाठी) वापरता येत नाही. उलट दिशेनेही तसंच. डिव्हिजनल मात्र पहिलं पेटंट निघण्याआधी भरलेला हवा. तुमचा प्रश्न इतकाच की न सांगता झालेली निवड म्हणजे ‘रिस्ट्रिक्शनची मागणी’ आहे का.

माझं मत: ८.०४ चा परिच्छेद लेखी असेल, वेगळेपणाचं कारण दिलं असेल आणि क्लेम विथड्रॉ केले असतील, तर आहे. १.१४५ मध्येच अर्जदाराला ‘रिस्ट्रिक्ट’ करायला सांगितलं जाईल असे शब्द आहेत, आणि फॉर्म पॅराग्राफही पिटिशनच्या हक्काबाबत त्याला रिस्ट्रिक्शनच म्हणतो. मुद्दा भक्कम आहे, पण कोर्टात समोरचा वकील तो वादाचा करणार हे धरून चाला. परिच्छेद मोघम असेल तर उत्तरात स्पष्ट लिहा: ‘ऑफिसने १३ ते १७ हे १ ते १२ पासून वेगळे ठरवून रिस्ट्रिक्शन केले आहे.’ रेकॉर्ड तुम्हीच पक्का करायचा.

याउलट ८१८.०२(सी) मध्ये, जिथे ऑफिसने काही मागितलं नाही आणि अर्जदारानेच क्लेम काढले, तिथे संरक्षण नाही. स्वेच्छेने केलेल्या दुसऱ्या अर्जाला १२१ लागत नाही. फायनल यायच्या आधी ‘होणारच आहे’ म्हणून १३ ते २० स्वतःहून काढले असते, तर हेच झालं असतं.

डिव्हिजनल भरताना अ‍ॅप्लिकेशन डेटा शीटमध्ये नातं ‘डिव्हिजन’ असंच टाका. फायझर वि. टेवा (२००८) मध्ये सीआयपीला (नवा मजकूर घातलेल्या पुढच्या अर्जाला) आणि अम्जेन वि. हॉफमन-ला रोश (२००९) मध्ये कंटिन्युएशनला हे संरक्षण नाकारलं. जी. डी. सर्ल वि. लुपिन (२०१५) मध्ये सीआयपीला नंतर डिव्हिजनल ठरवण्याचा प्रयत्नही चालला नाही. आणि एक्झामिनरने आखलेली रेघ दोन्ही बाजूंनी पाळावी लागते, हे गर्बर गारमेंट वि. लेक्ट्रापासून (१९९०) चालत आलंय. पद्धतीच्या डिव्हिजनलमध्ये हळूच कार्ट्रिजचा क्लेम सरकवला की संरक्षण गेलं.

दुसरीबाजू यांच्या रिजॉइंडरच्या सल्ल्याला इथे एक पुरवणी. १३ रिजॉइन झाला की त्याच्यापुरतं रिस्ट्रिक्शन मागे घेतलं जातं, आणि मागे घेतलेल्या रिस्ट्रिक्शनवर १२१ टेकवता येत नाही (इन रे झिगलर, १९७१). त्यामुळे रिजॉइंडर आणि विभाजकाशिवायच्या रुंद पद्धतीचा वेगळा अर्ज, दोन्ही हवं असेल तर दुसऱ्यात टर्मिनल डिस्क्लेमर (पहिल्या पेटंटनंतरची जादा मुदत सोडल्याचं लेखी) लागू शकतो याची कल्पना ग्राहकाला आधी द्या. टर्मवरचा परिणाम इन रे सेलेक्ट (२०२३) आणि अ‍ॅलर्गन वि. एमएसएन (२०२४) एकत्र वाचून ठरवावा लागेल: कुठलं पेटंट आधी भरलं, आधी निघालं, आणि टर्म अ‍ॅडजस्टमेंट कोणावर आहे. त्याचा वेगळा धागा करा, इथे मावणार नाही.

वर्गीकरण

धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: अर्ज कलम ३७१ खालचा, पीसीटीतून आलेला राष्ट्रीय टप्प्यातला असेल तर वरची वेगळेपणा-आणि-भाराची चर्चा जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे १.४७५ आणि १.४९९ प्रमाणे शोधाची एकता बघतात, म्हणजे सामायिक विशेष तांत्रिक वैशिष्ट्य आहे का. ‘भार नाही’ हा युक्तिवाद तिथे फुकट जातो. उत्पादन आणि त्याच उत्पादनाचा वापर ही जोडी १.४७५(बी) मध्ये मान्य आहे, पण सामायिक वैशिष्ट्य प्रायर आर्टमध्ये सापडलं की एकता तुटते. म्हणून ट्रॅव्हर्समध्ये लिहायचं ते असं: विभाजक दोन्ही क्लेममध्ये आहे आणि अमुक संदर्भात तो नाही. बायपास कंटिन्युएशनने (राष्ट्रीय टप्पा टाळून पीसीटीवरून केलेल्या कंटिन्युएशनने) आलेल्या अर्जाला मात्र नेहमीचे अमेरिकी निकष.

नळीगाळणी

शेवटचं, अगदी कारकुनी. विथड्रॉन १३ दुरुस्त करताना स्टेटस काय लिहायचं? ‘करंटली अमेंडेड’ की ‘विथड्रॉन’?

टिपणवही

दोन्ही जोडून: ‘विथड्रॉन – करंटली अमेंडेड’. जे विथड्रॉन क्लेम बदलत नाहीत त्यांना नुसतं ‘विथड्रॉन’. नव्याने मांडताना ते ‘न्यू’ होते, पण एक्झामिनरने विथड्रॉ केल्यानंतरच्या पहिल्या उत्तरापासून हा बदल करायचा. १.१२१(सी) प्रमाणे विथड्रॉन क्लेमचाही पूर्ण मजकूर यादीत द्यावा लागतो, फक्त ‘कॅन्सल्ड’ आणि ‘नॉट एंटर्ड’ क्लेमचा मजकूर वगळतात.

१८ चं स्टेटसही आज ‘विथड्रॉन – करंटली अमेंडेड’च. रिस्ट्रिक्शन चुकीचं आहे असं तुम्ही म्हणत असलात तरी ते मागे घेईपर्यंत स्टेटस तेच. ‘करंटली अमेंडेड’ लिहून तो तपासणीत सरकेल अशी आशा ठेवू नका, नॉन-कम्प्लायंट अमेंडमेंटची नोटीस येते. आणि विथड्रॉन क्लेम रद्द करायला सांगणारी ओळ नोटिस ऑफ अलाउअन्सच्या सुमारास एक्झामिनर फोनवर टाकतो, एक्झामिनर्स अमेंडमेंटसाठी. ‘हो’ म्हणण्याआधी रिजॉइंडरचं विचारा, आणि डिव्हिजनल भरायचा असेल तर तो इश्यू फी (पेटंट काढण्याचं शुल्क) भरायच्या आधी तयार ठेवा. फी भरल्यावर पेटंट कधी निघेल ते तुमच्या हातात नसतं.